आधी पॅड, मग माउस!

होस्टेलवर काउंटर-स्ट्राइकचा डाव हरला की खापर माउसवर फुटतं. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "अरे, १६,००० डीपीआयचा घे!" आणि मेससाठी घरून आलेले पैसे त्यात जातात. माझं स्पष्ट मत आहे, या आकड्याला भुलू नका.

डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकवल्यावर तो किती टप्पे मोजतो, एवढंच. या गेमचे बहुतेक व्यावसायिक खेळाडू ४०० किंवा ८०० वरच खेळतात. ८०० डीपीआय आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी १ ठेवली, तर पूर्ण गिरकीला माउस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. म्हणजे नुसतं मागे वळायलाच २६! मग वहीएवढ्या पॅडवर नेम धरणार कसा?

म्हणून आधी ४५ सेंटिमीटर रुंद कापडी पॅड घ्या. आपल्या बीडकडच्या उन्हाळ्यात त्यावर धूळ आणि घाम बसणारच. साबणाच्या पाण्याने हलकेच धुवा, सावलीत वाळवा. माउस हलका, पंजात बसणारा, वायरचा पुरे. पोलिंग रेट मात्र बघा: १००० हर्ट्झचा माउस दर १ मिलिसेकंदाला हालचाल कळवतो, १२५ चा दर ८ ला. आणि विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा. त्यामुळे हाताच्या वेगानुसार अंतर बदलतं आणि हात बसत नाही. हे तर फुकटच आहे!

घरच्यांनी उसाच्या फडात घाम गाळून पाठवलेला पैसा आहे दोस्तांनो, खोक्यावरच्या आकड्यासाठी घालवू नका.