बारामतीचा मतदार ‘गुलाम’? १९६० पासूनचा हिशेब

#थ्रेड

निवडणुकीचा निकाल लागला की बारामतीविषयी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पुण्या-मुंबईचे विश्लेषक म्हणतात, इथला मतदार गुलाम आहे, दगड उभा केला तरी निवडून येईल. बारामतीतले कार्यकर्ते म्हणतात, आमच्याइतका सुज्ञ मतदार उभ्या महाराष्ट्रात सापडणार नाही. यातले पहिले वाक्य इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. दुसरे टिकते, परंतु अर्धेच. आणि बारामती-इंदापूरच्या राजकारणाचे खरे दुखणे त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.

आधी ताजा पुरावा. ७ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले. नणंद-भावजय समोरासमोर होत्या. सुप्रिया सुळे यांना ७,३२,३१२ मते पडली, सुनेत्रा पवार यांना ५,७३,९७९. फरक १,५८,३३३. अजित पवार १९९१ पासून ज्या बारामती विधानसभा क्षेत्राचे आमदार होते, त्याच क्षेत्राने त्यांच्या पत्नीऐवजी सुळे यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी दिली. इंदापूरनेही सुळे यांनाच कौल दिला.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. मतदार तेच, गावे तीच, मतदान केंद्रेही बहुतेक तीच. अजित पवार यांना १,८१,१३२ आणि त्यांचे पुतणे युगेंद्र पवार यांना ८०,२३३ मते मिळाली. म्हणजे सहा-साडेसहा महिन्यांत ४८ हजारांची पिछाडी जाऊन तिच्या जागी १,००,८९९ चे मताधिक्य आले. इंदापूरनेही अजित पवारांच्या पक्षाचे दत्तात्रय भरणे यांना निवडून दिले.

गुलाम असे वागत नाहीत.

यावर ठरलेला आक्षेप असा : हा बदल साऱ्या महाराष्ट्रातच झाला, लाडकी बहीण योजना मध्ये आली, महायुतीच्या तीन पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या, मग बारामतीचे वेगळे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे वजन मान्य केले पाहिजे. मात्र ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ हे सूत्र बारामतीच्या चावडीवर लोकसभेच्या प्रचारातच उघड बोलले जात होते, आणि तेव्हा ती योजना जन्मालाही आली नव्हती. दिल्लीला कोण पाठवायचे आणि तालुक्याची कामे कोणाकडून करून घ्यायची, हे दोन प्रश्न मतदाराने आधीच वेगळे काढले होते. योजनेने मताधिक्य फुगवले असेल. विभागणी तिने शिकवली नाही.

आता थोडे मागे जाऊ. कारण ‘बारामती म्हणजे पवार’ हे समीकरण अनादी असल्याच्या थाटात मांडले जाते.

१९५७ मध्ये बारामतीतून लोकसभेवर गेलेले केशवराव जेधे १९५९ मध्ये निवर्तले. पोटनिवडणूक १९६० मध्ये झाली. काँग्रेसने केशवरावांचे पुत्र गुलाबराव जेधे यांना उभे केले. त्यांच्यासमोर होते शेतकरी कामगार पक्षाचे वसंतराव पवार, पाठीशी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. म्हणजे बारामतीच्या त्या गाजलेल्या लढतीत वारसदार जेधे होते, आणि वारशाला आव्हान देणारा उमेदवार पवार होता! घराणेशाहीवर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंना हा तपशील सोयीचा नसल्यामुळे तो सहसा सांगितला जात नाही.

वसंतरावांच्या आई शारदाबाई या १९३० च्या दशकापासून पुणे जिल्हा लोकल बोर्डात काम केलेल्या, शेकापच्या विचारांच्या. घर सारे शेकापचे. आणि त्याच घरातला, पुण्यात शिकणारा १९ वर्षांचा धाकटा भाऊ शरद, सख्ख्या थोरल्या भावाच्या विरोधात काँग्रेसचा प्रचार करत फिरत होता. मतदानाचे वय त्या काळी २१ होते. ते १८ वर आले ६१ व्या घटनादुरुस्तीमुळे, १९८९ च्या निवडणुकीपासून. भावाविरुद्ध मते मागणाऱ्या त्या तरुणाला स्वतःचे मत नव्हते. गुलाबराव जेधे निवडून आले.

पवारांच्या घरातली ही पहिली फूट आणि २०२४ ची फूट यांची तुलना वारंवार होते, पण ती वरवरची असते. १९६० च्या वादाच्या मुळाशी भाषिक राज्याचा प्रश्न होता आणि शेतकऱ्याचा पक्ष काँग्रेसच्या आत असावा की बाहेर, हा प्रश्न होता. मराठी मुलखातली घरेच्या घरे त्या प्रश्नांवर दुभंगली होती. २०२४ च्या प्रचारात धोरणाचा मतभेद दिवा घेऊन शोधावा लागत होता. ‘खरा वारस कोण’ आणि ‘बाहेरून आलेली कोण’ यांवर सभा गाजल्या. मतदाराची जाण कमी झाली म्हणून असे घडले नाही. त्याच्यापुढे ठेवलेला प्रश्नच लहान झाला होता.

पुढचा टप्पा १९७७ ते १९९१. बारामती लोकसभेच्या निकालांची ही ओळ एकदा वाचावी : १९७७ जनता पक्षाचे संभाजीराव काकडे, १९८० इंदिरा काँग्रेसचे शंकरराव बाजीराव पाटील, १९८४ समाजवादी काँग्रेसचे शरद पवार, १९८५ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा जनता पक्षाचे काकडे, १९८९ पुन्हा काँग्रेसचे शंकरराव पाटील, १९९१ काँग्रेसचे अजित पवार.

सहा निवडणुका, आणि एकही खासदार लागोपाठ दोनदा निवडून आलेला नाही. १९८४ चे साल तर विशेष. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. बारामती उरलेल्या पाचांत होती. पुढल्याच वर्षी पवारांनी विधानसभेसाठी ती जागा सोडली आणि बारामतीने काकडे यांना पाठवले. आज ज्या मतदारसंघाला ‘बालेकिल्ला’ म्हणतात, तो चौदा वर्षे महाराष्ट्रातल्या चंचल मतदारसंघांपैकी एक होता.

मग १९९१ मध्ये काय बदलले? मतदार बदलला नाही. जूनमध्ये लोकांनी अजित पवार यांना लोकसभेवर पाठवले. शरद पवार केंद्रात संरक्षणमंत्री झाले, त्यांना सभागृह हवे होते. अजित पवारांनी जागा रिकामी केली आणि पोटनिवडणुकीतून शरद पवार गेले. कायद्याच्या दृष्टीने यात काहीही वावगे नाही. परंतु ज्या प्रतिनिधीला मतदाराने पाच वर्षांसाठी पाठवले, तो काही महिन्यांत परत का आला, याचे उत्तर मतदाराकडे नव्हते. ते घरात ठरले. त्यानंतर २०२४ पर्यंत या जागेवर पवार कुटुंबाबाहेरचा एकच खासदार झाला, १९९४ च्या पोटनिवडणुकीतून गेलेले बापूसाहेब थिटे. २००९ पासून सुप्रिया सुळे चार वेळा निवडून आल्या आहेत, आणि २०१४ मध्ये महादेव जानकरांनी हे मताधिक्य सत्तर हजारांच्या आसपास खाली आणले होते, हेही विसरू नये.

स्पर्धा आटली ती इथे. आणि तिचे कारण मतपेटीत नव्हे, पाटाच्या पाण्यात शोधावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरा डावा कालवा आला आणि तालुक्याचे दोन तुकडे पडले : बागायत आणि जिरायत. बागायतीत ऊस आला, उसामागून सहकारी संस्था आल्या. शरद पवारांचे वडील गोविंदराव नीरा कॅनॉल संघात काम करत, हा योगायोग नव्हे. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे छत्रपती असे कारखाने उभे राहिले. जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षण संस्था त्यांच्या आजूबाजूला वाढल्या. उमेदवार तयार होण्याची जागा ही. उसाचे पहिले बिल, पीककर्ज, मुलाची नोकरी आणि विधानसभेचे तिकीट या चारही गोष्टींचा रस्ता एकाच दारातून जाऊ लागला. निंबूतच्या काकड्यांचे बळ सोमेश्वर कारखान्यात होते, तोवर बारामतीत लोकसभेची खरी लढत होत होती. विरोधकाकडे संस्था उरल्या नाहीत, तेव्हा विरोधी उमेदवारही उरला नाही. जे उभे राहिले ते बहुधा बाहेरून धाडलेले असत. २०१९ च्या विधानसभेत अनामत गमावून परतलेले गोपीचंद पडळकर हे त्याचे उदाहरण.

शेजारचे इंदापूर हा या म्हणण्याचा उलट बाजूने पुरावा आहे. तिथे सत्तेची केंद्रे एकाहून अधिक राहिली, म्हणून लढतीही चुरशीच्या राहिल्या. बावड्याच्या शंकरराव पाटलांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५, १९९९ आणि २००४ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले, २००९ मध्ये काँग्रेसकडून. अपक्ष राहून ते युतीच्या सरकारात मंत्री होते, मग आघाडीच्याही. २००९ मध्ये अपक्ष भरणे यांना त्यांनी सुमारे आठ हजारांनी हरवले. २०१४ मध्ये राष्ट्रवादीच्या भरणे यांनी त्यांना १४ हजारांनी हरवले. २०१९ मध्ये पाटील भाजपकडून लढले, ३,११० मतांनी पडले. २०२४ मध्ये ऑक्टोबरात शरद पवारांच्या पक्षात गेले, नोव्हेंबरात १९,४१० मतांनी पडले. या शेवटच्या लढतीत सोनाई दूध उद्योगाच्या माने कुटुंबातील अपक्ष प्रवीण माने यांनी सुमारे ३८ हजार मते घेतली, म्हणजे फरकाच्या जवळपास दुप्पट.

इंदापूरच्या मतदाराने एकाच माणसाला चार वेळा निवडले आणि तीन वेळा नाकारले, दोन्ही प्रसंगी चिन्हाकडे फारसे न पाहता. पाण्याकडे मात्र पाहिले. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला तेव्हा भरणे इंदापूरचे आमदार होते आणि सोलापूरचे पालकमंत्रीही. सोलापुरात रान पेटले, मे महिन्यात आदेश रद्द झाला. सोलापूरकरांच्या लेखी तो विश्वासघात होता. इंदापूरच्या कोरड्या गावांत त्याच कृतीला आपल्या माणसाने केलेली धडपड मानणारे कमी नव्हते. पण इथेही उमेदवारांच्या यादीवर नजर टाकली तर काय दिसते? कारखाना, कारखाना आणि दूध.

म्हणून ‘सुज्ञ मतदार’ हे कौतुक अर्धेच खरे आहे. सुज्ञपणा वापरायला जागा किती होती, हा प्रश्न त्यात गिळला जातो. ४ जून २०२४ रोजी बारामतीने सुनेत्रा पवार यांना दीड लाखाहून अधिक मतांनी नाकारले. त्याच जून महिन्यात त्या राज्यसभेवर बिनविरोध निवडून गेल्या. पुढे ऑगस्टमध्ये, बहिणीच्या विरोधात पत्नीला उभे करणे ही चूक होती, असे अजित पवार जाहीरपणे म्हणाले. चूक कबूल करण्याचा मोठेपणा त्यांना जरूर द्यावा. परंतु साऱ्या मतदारसंघाला दोन महिने जुंपणारा निर्णय एका घरात झाला आणि त्याचा पश्चात्तापही त्याच घरात झाला, याकडे डोळेझाक करू नये.

मतदाराला खरा पर्याय मिळाला की तो काय करतो, हे पाहायचे असेल तर विधानसभा सोडून माळेगाव कारखान्याकडे जावे. ऑक्टोबर २०१४ मध्ये अजित पवार बारामतीतून प्रचंड मताधिक्याने निवडून आले. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, माळेगावच्या सभासदांनी त्यांचे पॅनेल पाडून चंद्रराव आणि रंजन तावरे यांच्या हाती कारखाना दिला. हे सभासद बारामतीचेच शेतकरी होते. विधानसभेला ‘दादा’ आणि उसाच्या भावाला तावरे, असा त्यांचा हिशेब होता. २०२० मध्ये त्यांनी सत्ता पुन्हा फिरवली.

राज्यकर्त्यांना या मतदानाचे मोल नेमके ठाऊक असते. जून २०२५ मध्ये, उपमुख्यमंत्री असतानाच, अजित पवार स्वतः माळेगावच्या निवडणुकीत उतरले, तेही शंभराच्या आसपास मतदार असलेल्या ‘ब वर्ग’ संस्था गटातून. ९१ मते घेऊन जिंकले, त्यांच्या पॅनेलने २१ पैकी २० जागा मिळवल्या आणि ते अध्यक्ष झाले. कारखान्याचे सभासद वीस हजारांच्या घरात. विधानसभेचे मतदार पावणेचार लाखांच्या वर. बारामतीच्या एमआयडीसीतला कामगार, जिरायती गावातला शेतमजूर, उसाच्या फडात कोयता चालवणारी बाई, यांतल्या कोणाचेही नाव त्या दिवशीच्या मतदारयादीत नव्हते.