किटलीतलं दूध आणि कायद्यातला बाप

एकट्या पुरुषाच्या ओंजळीत अवचित मूल पडलं की सिनेमावाल्यांना रडारडीची सोय होते. चार्ली चॅप्लिनने 1921च्या ‘द किड’मध्ये ती टाळली. त्याचा फाटका भटक्या, सापडलेलं बाळ गटाराची जाळी उचलून आत टाकावं का, असा विचारही क्षणभर करतो! मग तोच छताला किटली टांगून बाळाला दूध पाजतो आणि खुर्चीला भोक पाडून शी-शूची सोय करतो. बापपण अशा खटपटीतूनच येतं.

आता पडद्याबाहेर या.

अहिल्यानगरमध्ये, म्हणजे कालपर्यंतच्या नगरमध्ये, ‘स्नेहालय’ ही संस्था 1989पासून उभी आहे. तिचंच ‘स्नेहांकुर’ हे दत्तक विधान केंद्र. अशा केंद्रातून मूल हवं असलेल्या एकट्या पुरुषाला आधी नोंदणी, मग समाजसेवकाकडून घराची पाहणी, मग प्रतीक्षा. ही चाळणी हवीच. पण 2015चा बालन्याय कायदा त्याला मुलगी दत्तक घेऊच देत नाही. एकट्या बाईला मात्र मुलगा वा मुलगी, दोन्ही चालतं.

मुलीच्या सुरक्षेची भीती समजते. तरीही माणूस न तपासता सरसकट दार लावणं हा आळस आहे. आपल्या पटकथाकारांनी दत्तकाच्या सरकारी फायलीत एकदा डोकवावं. तिथे अख्खा चित्रपट पडून आहे.