बाळंतविडा नेण्याआधी : परभणी जिल्ह्यातल्या पाहुण्यारावळ्यांना आवाहन



हे आवाहन मुद्दाम तुम्हा नऊही तालुक्यांतल्या आजी-आजोबांना, आत्या-मावश्यांना, मामा-काकांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना करतो आहोत, नव्या आईबापांना नव्हे. लेकरासाठी काय घ्यायचं ते आईबाप ठरवतात, असं म्हणायची पद्धत आहे; पण पहिल्या सव्वा महिन्यात घरात येणाऱ्या निम्म्याशिम्म्या वस्तू तुमच्या-आमच्या पिशवीतून येतात. पहिलं बाळंतपण माहेरी. पाचवीला येणारे वेगळे, बारशाला येणारे वेगळे, लेकरू सासरी गेलं की तिकडची मंडळी परत नव्याने. ओली बाळंतीण आत्याबाईंना तोंडावर कशी सांगणार, की हे नको होतं? ती मुकाट्याने ठेवून घेते. मग महिन्या-दोन महिन्यांनी आत्याबाईच विचारतात, "आम्ही आणलेलं दिसंना कुठं?" आणि वस्तू माळ्यावरून खाली येते. म्हणून दुकानातच दोन मिनिटं थांबा, एवढंच मागणं आहे.

परभणीत कच्छी बाजारात जा नाहीतर जिंतूर-गंगाखेडच्या बाजारपेठेत, बारशाच्या आहेराला सगळ्यात जास्त खपते ती पारदर्शक झाकणाची पेटी. आत सॅटिनचं अस्तर, पावडरचा डबा, फुलासारखा पफ, तेल, साबण, कंगवा आणि एका कोपऱ्यात दुधाची बाटली. दिसायला भरगच्च, किंमत आहेराला साजेशी. पण या पेटीतलं जवळजवळ काहीच लेकराला लागत नाही आणि दोन वस्तू तर घरात नसलेल्याच बऱ्या.

पहिली बाटली. तिचं बूच फिरवून आतले आटे पाहा, चोखणीच्या कडेला नख लावून पाहा. दुधाची साय बसते ती नेमकी तिथे, आणि नुसत्या विसळण्याने ती निघत नाही. प्रत्येक वेळी घासून, उकळून घ्यायला हवी. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांना टेकतो, नळाला रोज पाणी येत नाही, अशा घरात हे दिवसातून आठ वेळा कोण करणार? लेकराला हगवण लागायला तेवढं पुरतं. शिवाय बाटलीची सवय लागलेलं बाळ अंगावर ओढायला कंटाळतं, मग दूध कमी होतं आणि घरातली बायामाणसं आईलाच बोल लावतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी कारण पाहून वरचं दूध सांगितलंच, तर वाटी-चमचा आहे.

आपल्या देशात १९९२ सालचा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या दुधाच्या पावडरीची, बाटलीची आणि दोन वर्षांपर्यंतच्या तयार आहाराची जाहिरात करायला बंदी, फुकट नमुने वाटायला बंदी. दूध पावडरीच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचं किंवा आईचं चित्रसुद्धा छापता येत नाही. मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विकायला मनाई नाही, खपवण्यासाठी भुलवायला आहे. तेव्हा कुणी पावडरीच्या डब्यावर बाटली मोफत देत असेल, तर ती घेऊ नका आणि दुकानदाराला हा कायदा ऐकवा.

तयार आहाराबद्दल थोडं. एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने नेस्लेच्या सेरेलॅकची तपासणी जाहीर केली. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर निघाली; जर्मनी आणि ब्रिटनमधल्या तशाच सेरेलॅकमध्ये ती नव्हती. कंपनीने नंतर बिनसाखरेचे प्रकारही आणले. पण सहा महिन्यांनंतर मऊ मुगाची खिचडी, वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वरून थोडं तूप, हे ज्या जिल्ह्यात घरोघरी शिजतं तिथे डब्याचं इतकं कौतुक का, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

दुसरी वस्तू पावडर. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. पुणे आणि नाशिकचे नमुने सामूच्या, म्हणजे पीएचच्या, चाचणीत बसले नाहीत म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. कंपनीने टाल्कची पावडर जगभर बंद करून मक्याच्या स्टार्चची आणायचं आधीच जाहीर केलं होतं. कोर्टकचेरीत कोण बरोबर, हा वाद बाजूला ठेवा. पफ झटकला की जो पांढरा धुरळा उडतो, तो लेकराच्या नाकात जातो. कोणत्याही कंपनीचा असला तरी जातो. अंग कोरडं पुसलं, मानेच्या वळ्या सुती फडक्याने टिपल्या, की पावडरीचं काम संपलं.

आता वॉकर. मामाकडून हटकून येतो. कॅनडाने २००४ मध्ये चाकाच्या वॉकरवर बंदी घातली, आणि आपले बालरोगतज्ज्ञही तो नकोच म्हणतात. आपल्या घरांत उंबरे आहेत, ओटा आहे, ओट्याला पायऱ्या आहेत, खाली ठेवलेली शेगडी आहे. जे लेकरू रांगत उंबऱ्यापाशी थबकलं असतं, ते वॉकरमध्ये भर्रकन जाऊन पायरीवरून कोसळतं. हात गरम पातेल्यापर्यंत पोचतात. आणि त्याने चालणं लवकर येत नाही ते नाहीच. द्यायचाच असेल तर पांगुळगाडा द्या, लाकडी, जड बुडाचा. लेकरू स्वतः उभं राहून ढकलतं, आत अडकून बसत नाही. माणूस मात्र जवळ हवं.

सगळा दोष बाजाराचा आहे असंही नाही. आपल्या रीतींमध्येही काही गोष्टी निवडून बाजूला काढाव्या लागतील. जन्मल्याबरोबर मधाचं बोट चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा जीवघेणा आजार होऊ शकतो. डोळ्यांत काजळ-सुरमा नको, सुरम्यात शिसं असतं. दृष्टीची काळजी असेल तर तीट लावा कपाळाला, आमची हरकत नाही. गळ्यात काळा दोरा नको, आवळतो. मनगट्यांचे मणी ओढून पाहा. एक जरी सैल असेल तरी तो उद्या घशात जाईल. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीवर ओवा-शेपाची धुरी देणं थांबवा. राईची उशी, मऊ लोड, पाळण्यात चारी बाजूंनी खेळणी, हेही नको. सपाट अंथरूण आणि लेकरू उताणं.

उरुसात किंवा जत्रेत खुळखुळा घेताना आयएसआय खूण बघायची सवय लावा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. छोट्या गोल बॅटरीचं, दिवे लागणारं खेळणं तर लहान लेकराच्या घरात नेऊच नका. गिळलेली बॅटरी काही तासांत अन्ननलिका जाळते. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा.

आणि खोकल्याचं औषध. ऑक्टोबर २०२५ मधलं छिंदवाड्याचं प्रकरण विसरण्यासारखं नाही. 'कोल्ड्रिफ' सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं, वीसहून अधिक लेकरं गेली, त्यातली काही आपल्या नागपुरात उपचार घेताना. केंद्राने तेव्हाच सांगितलं, की दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्या-सर्दीचं सिरप द्यायचंच नाही. "आमच्या बंटीला हेच लागू पडलं होतं" म्हणत उरलेली बाटली बाळंतिणीकडे पाठवणं ही माया नव्हे.

मग न्यायचं काय? मच्छरदाणी न्या, डास बारा महिने आहेत. डिजिटल तापमापक न्या. जुन्या मऊ धोतराचे-साडीचे धुतलेले लंगोट आणि दुपटी न्या. उन्हाळ्यात झालरीचे टेरिकॉटचे फ्रॉक आणि हातमोजे नकोत, डिसेंबर-जानेवारीत मात्र टोपडं आणि वाकळ हवी. पण आमच्या मते सगळ्यात चांगला बाळंतविडा आईसाठी असतो : अळीव-डिंकाचे लाडू, दोन वेळची भाजी-भाकरी, आठवडाभर लंगोट धुऊन देणं, लसीकरणाच्या दिवशी गाडी. रोख दिलीत तर त्याहून उत्तम. मुलगी असेल तर २५० रुपयांत पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडतं. आणि आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात, तेव्हा आलेल्या आहेराचा ढीग त्यांच्यापुढे मांडून विचारा, यातलं काय ठेवू?

बारशाचं बोलावणं हल्ली मोबाइलवरच जातं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी, बाळंतिणीने नव्हे, त्याखाली स्वतःच्या नावाने एक ओळ टाकावी : "बाटली, पावडर, वॉकर आणू नये, राग मानू नये." दुकानदारांनीही पेटीतून बाटली काढून तिथे तापमापक ठेवून पाहावा. आणि एखाद्या वस्तूने लेकराला अपाय झालाच, तर डबा फेकू नका. बॅच नंबर आणि पावतीसह तो जपून ठेवा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कळवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या.