विद्येच्या वेशीवरची नवी चौकी



मार्च 2024 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या प्रवेशाची रीत बदलली. प्राध्यापकीची पात्रता आणि संशोधनाची शिष्यवृत्ती ठरविणारी ‘नेट’ परीक्षाच 2024-25 पासून पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरावी, असे ठरले. निकालाचे तीन वर्ग झाले. त्यांतला तिसरा केवळ पीएच.डी.च्या प्रवेशापुरता. ज्यांस शिष्यवृत्तीचा पहिला वर्ग मिळत नाही, त्यांच्या नेटच्या गुणांस 70 टक्के वजन आणि मुलाखतीस 30 टक्के. शिवाय हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. विद्यापीठागणिक निराळी परीक्षा देत हिंडण्याचा त्रास वाचेल, असा हेतू सांगण्यात आला. गरिबाचे गाडीभाडे वाचत असेल तर आमचा त्यास विरोध नाही. परंतु ‘सर्वांस एकच मोजपट्टी लागली, आता जातीचा प्रश्न उरला कोठे?’ असे विचारणारे जे शहाणे निघाले आहेत, त्यांस उत्तर देणे प्राप्त आहे.

त्या मोजपट्टीचा पहिलाच अनुभव पाहा. 18 जून 2024 रोजी नऊ लाखांहून अधिक मुलामुलींनी ही परीक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली! फेरपरीक्षा 21 ऑगस्टपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. ज्याच्या घरी मोटार उभी आहे त्याचा एक दिवस वाया गेला. ज्याने मजुरीचा खाडा करून दूरचे केंद्र गाठले, त्याचे काय गेले हे त्या शहाण्यांनी मोजले आहे काय?

आणि ही मोजपट्टी मराठी बोलत नाही. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसे ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. त्यांच्या मुलांची शाळा हंगामाबरोबर तुटते आणि हंगामाबरोबर जुळते. तशाही स्थितीत एखादी मुलगी मराठीतून शिकून समाजशास्त्राची एम.ए. होते. तिच्यापुढे प्रश्नपत्रिका येते ती इंग्रजीत आणि हिंदीत. जिने मराठी हाच विषय घेतला, तिलाही 50 प्रश्नांची, 100 गुणांची पहिली प्रश्नपत्रिका परक्या भाषेतच वाचावी लागते. तांत्रिक अडचण म्हणाल, तर तीही खरी नाही. हीच राष्ट्रीय परीक्षा संस्था अभियंता आणि डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांस मराठीत प्रश्नपत्रिका देते. महाराष्ट्राच्या ‘सेट’ परीक्षेची पहिली प्रश्नपत्रिका मराठीतही असते. पदार्थविज्ञान मराठीत विचारता येते आणि समाजशास्त्र येत नाही, हे कोणते शास्त्र? 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीस आणि पालीसही अभिजात भाषा ठरविले. अभिजात ठरलेली भाषा परीक्षेच्या दारात मात्र मुकी! शाळेत बाबासाहेबांस संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांस फारसी घ्यावी लागली. तेव्हा भाषा नाकारणारा शिक्षक डोळ्यांपुढे उभा होता. आज नकार देणारा कोणी दिसत नाही, एवढाच फरक.

उरले मुलाखतीचे 30 टक्के. लेखी उत्तर यंत्र तपासते. यंत्राला आडनाव वाचता येत नाही. बंद खोलीत बसलेल्यांस ते वाचता येते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने नेमलेल्या अब्दुल नाफे समितीने लेखी आणि तोंडी गुणांतील तफावत तपासली आणि तीत भेदभावाची खूण दिसते, असे नोंदवून तोंडीचे गुण 30 वरून 15 वर आणावेत, अशी शिफारस 2016 मध्ये केली. ही आमची हाकाटी नव्हे, विद्यापीठाचीच समिती आहे. तरीही देशभर 30 चाच आकडा ठेवला गेला.

सरकारला बोल लावून आम्हांस स्वतःची सुटका करून घेता येणार नाही. ‘पोरगं बी.ए. झालं, पुष्कळ झालं’ हे वाक्य आमच्याच वस्तीत ऐकू येते. मुलीच्या बाबतीत तर ते बारावीलाच ऐकू येते, आणि तेही सावित्रीबाईंनी ज्या नगरास येऊन मिस फरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे शिक्षण घेतले त्याच नगरच्या जिल्ह्यात! चौदा एप्रिलच्या कमानीस वर्गणी जमते. मग विहाराच्या एका कोपऱ्यात मागील प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा, एक संगणक आणि रात्री दहापर्यंत दिवा का असू नये? पुण्याच्या महागड्या वर्गांवाचून तयारी होत नाही, हा समज त्या वर्गवाल्यांनीच पसरविला आहे. परीक्षा तीन तासांची, प्रश्न 150, गुण 300. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडणे हा स्वतःवर केलेला अन्याय होय. पहिल्या प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमात भारतीय तर्कशास्त्र आहे, प्रमाणे आणि अनुमान आहेत. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानणारे दिङ्नाग आणि धर्मकीर्ती हे आमचे आचार्य. प्राचीन विद्यापीठांचाही भाग आहे, म्हणजे नालंदा आलीच. पाली हा तर नेटचा स्वतंत्र विषय आहे. वंदनेतील गाथा ज्या मुलास पाठ आहेत, त्याने त्यांचे व्याकरणही शिकावे. त्या वाटेने शिष्यवृत्तीपर्यंत जाता येते, आणि ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे.

आता धर्माच्या रकान्याविषयी. ‘बौद्ध लिहिले तर सवलत जाईल’ या भीतीने अजूनही काही पालक अर्जात हिंदू लिहितात. ही भीती 1990 सालीच कायद्याने संपविली आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा बौद्ध माणूस केंद्रातही अनुसूचित जातीचाच गणला जातो. धर्म बौद्ध लिहावा, वर्ग अनुसूचित जाती लिहावा आणि केंद्रीय नमुन्यातील दाखला अर्जाची तारीख येण्याआधीच काढून ठेवावा. 2024 च्या परीक्षेस सर्वसाधारण वर्गास शुल्क 1,150 रुपये होते, अनुसूचित जातीस 325. खोटे लिहून काही वाचत नाही. उलट कागद एकमेकांशी जुळेनासे होतात आणि ऐन प्रवेशाच्या दिवशी अडवणूक होते.

अकोल्यापासून जामखेडपर्यंत ज्या ज्या विहारात रविवारी वंदना होते, तेथे वंदनेनंतर दोन मागण्यांचा ठराव मांडावा: नेटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळावी, आणि पीएच.डी.च्या मुलाखतीचे गुण 15 टक्क्यांवर आणून तिचे ध्वनिमुद्रण ठेवावे. ठराव दिल्लीस बहादूरशाह जफर मार्गावरील आयोगाच्या कचेरीत टपालाने धाडावा आणि त्याची प्रत आपल्या खासदाराच्या हाती द्यावी. सह्या घेताना वस्तीतील एम.ए. झालेल्या मुलींच्या सह्या सर्वांत आधी घ्याव्यात.

जयभीम.