शिंप्याचा गज

दिवाळीच्या तोंडावर नरसी नामदेवच्या शिवारातून सोयाबीनची पोती हिंगोलीच्या मोंढ्याकडे निघतात. तिथे शेतकऱ्याचे डोळे काट्यावर खिळलेले असतात. भाव पडला तर तो मन मारून परत येतो, पण काटा मारलेला त्याला सहन होत नाही. भाव कमी-जास्त व्हायचाच, माप मात्र सगळ्यांना एकच हवं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

कयाधूकाठच्या याच गावात, परंपरा सांगते त्याप्रमाणे, 1270 साली शिंप्याच्या घरी नामदेवांचा जन्म झाला. सावकाराचा अंगरखा असो की मजुराची बंडी, शिंप्याचा गज तोच राहतो. नामदेवांनी हा गज माणसांनाही लावला. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. ज्याला देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्याच्यासाठी देवाच्या लाडक्या भक्ताने केलेलं हे काम आहे. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय मानवी हक्क ठरवताना आमच्या मनात हाच गज होता.

आज जगाच्या व्यासपीठांवर मानवी हक्कांबद्दल सातत्याने बोलणारा देशांचा एक गट म्हणजे युरोपीय संघ. त्याचे 27 सदस्य आहेत आणि जिनिव्हा असो की न्यूयॉर्क, तिथे एका आवाजात बोलायचं, असा त्यांचा संकल्प आहे. 2 मार्च 2022 रोजी रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला, तेव्हा सत्तावीसच्या सत्तावीस देशांनी बाजूने मत दिलं. 27 ऑक्टोबर 2023 रोजी गाझातील युद्धविरामाचा ठराव त्याच सभागृहात आला. त्या दिवशी याच सत्तावीस देशांपैकी आठ बाजूने, चार विरोधात आणि पंधरा तटस्थ राहिले. त्याआधी, जून 2017 मध्ये, चीनमधील मानवी हक्कांवर संघाचं निवेदन मानवी हक्क परिषदेत होणार होतं. ते एकट्या ग्रीसने अडवलं. परराष्ट्र धोरणात एकमत लागतं, त्यामुळे एक सदस्य अडून बसला की सगळा संघ मुका होतो. ग्रीसच्या पिरेयस बंदराचा बहुसंख्य हिस्सा त्याआधीच्या वर्षी एका चिनी सरकारी कंपनीने घेतला होता.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही रीत मराठी माणसाने स्वतःच्या अंगावर सोसली आहे. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदीचा आणि भारताने सैन्य मागे घेण्याचा ठराव मांडला. तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे पडला. हे चारही देश नाटोचे आणि पोर्तुगाल तर नाटोचा संस्थापक सदस्य. बरोबर वर्षभरापूर्वी, डिसेंबर 1960 मध्ये, आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याची घोषणा केली होती. तिला एकही मत विरोधात पडलं नाही, पण अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ बसले होते. गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले आणि 1955 साली पकडले गेलेले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. त्यांच्या सुटकेसाठी इकडे सुधीर फडके धडपडत राहिले. रानडे बाहेर आले ते जानेवारी 1969 मध्ये. गोव्याच्या सीमेची काळजी वाहणाऱ्या मित्रराष्ट्रांच्या या गटाला गोव्याच्या कैद्यांसाठी तसा ठराव मांडावासा वाटला नाही.

आता तोच गज आपल्याला लावून पाहू. 1946 साली दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला. हा आमचा अंतर्गत मामला आहे, असं दक्षिण आफ्रिका म्हणाली. आमसभेने ते मानलं नाही आणि 8 डिसेंबर 1946 रोजी भारताचं म्हणणं 32 विरुद्ध 15 मतांनी उचलून धरलं. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीय आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढे मांडत आहेत, त्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. भारतातील अस्पृश्यांनीही तशी वाट धरावी, असं त्यांच्या मनात होतं. दरबानचा भारतीय व्यापारी आणि इथल्या गावकुसाबाहेरचा माणूस यांना त्यांच्या लेखी माप एकच होतं.

1965 साली वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत कुळावरून होणारा भेद हे शब्द आले, ते भारताच्याच दुरुस्तीमुळे. पण 2001 साली दरबानला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली आणि दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न तिथे मांडला, तेव्हा आपल्या सरकारने हा अंतर्गत प्रश्न असल्याचं सांगितलं. जात म्हणजे वंश नव्हे आणि आमची राज्यघटना भेदभावाला मनाई करतेच, असा युक्तिवाद झाला. घटनेबद्दलचं म्हणणं खरंच आहे. परंतु 1946 साली आपण जी ढाल मोडून काढली, तीच 2001 साली आपण हातात धरली. पुढे 2007 साली युरोपीय संसदेने भारतातील दलितांच्या हक्कांवर ठराव केला. ‘आम्हाला सांगणारे तुम्ही कोण?’ हे उत्तर गोव्याच्या आठवणीने ओठावर येणं स्वाभाविक आहे. तरीही ते अपुरं आहे. सांगणाऱ्याचा काटा खोटा असेल, पण त्यामुळे जखमी माणसाची जखम खोटी ठरत नाही. खैरलांजीच्या दलित हत्याकांडाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

दुटप्पीपणाचा कंटाळा येऊन मानवी हक्कांची सगळी भाषाच ढोंगी म्हणून टाकून द्यावी, असं आज अनेकांना वाटतं. आम्हाला ते पटत नाही. व्यापारी काटा मारतो म्हणून शेतकरी वजनच नको म्हणत नाही, खरा काटा मागतो. मित्रराष्ट्राला सोडून दिलं की शत्रूविरुद्धचा आपला शब्दही हलका होतो, हे ब्रुसेल्सने ओळखायला हवं आणि दिल्लीनेही.

आणि आपण मराठवाड्यातल्या माणसांनी तर आधी. निजामी राजवटीतील रझाकारांचे अत्याचार आपण दर 17 सप्टेंबरला आठवतो, ते आठवलेच पाहिजेत. पण हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईनंतर याच मराठवाड्यात निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, जिची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली, तिच्याबद्दल आपण किती बोललो? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव 1978 साली झाला, तेव्हा घरं कुणाची जळली आणि नामविस्ताराला 1994 का उजाडावं लागलं? या प्रश्नांना जिनिव्हातून कुणी उत्तर देणार नाही. ते इथेच द्यावं लागेल.

वाचकहो, या अंकातील लेख याच प्रश्नांभोवती लिहिले गेले आहेत. वाचताना एकच करा: दुसऱ्याच्या अन्यायाला लावलेला गज आपल्या घरातल्या अन्यायालाही लावून पाहा. कमी भरलं तर ते मान्य करा.