गोदावरी : वैभवाची नदी, वादाचे पाणी

अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीत उगम पावणारी गोदावरी त्या समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटर पूर्वेला वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या असलेल्या तिच्या खोऱ्याचा जवळपास निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. तिच्याच काठी सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, भरभराटीला आले. तेथील माल भडोचमार्गे पश्चिमेकडील देशांत जात असे. पुढे संत एकनाथांमुळे हीच नगरी मराठी वाङ्मयाचे पीठ ठरली.

आज पैठणचे नाव घेतले जाते ते जायकवाडीतील पाणीसाठ्याच्या आकड्यांसाठी. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणावर छत्रपती संभाजीनगरची तहान आणि मराठवाड्याची मोठी शेती अवलंबून आहे. मात्र इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस पूर्वेकडे झपाट्याने ओसरतो, आणि नदीत उतरणारे पाणी गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा या वरच्या धरणांत आधी अडते. पाऊस हात आखडता घेतो, त्या वर्षी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा संघर्ष पेटतो.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने टंचाईच्या काळातील समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्याचे सूत्र ठरवून दिले आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये पाणी सोडण्याची वेळ आली, तेव्हा दोन्हीकडे आंदोलने झालीच. शिवाय कोरड्या पात्रातून जाणारे पाणी वाळूत मुरते, उन्हात उडते आणि वाटेत उपसलेही जाते. सोडलेले आणि पोहोचलेले पाणी यांतील तफावत अविश्वासाला खतपाणी घालते.

पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरीत वळविण्याच्या योजनांवर आता मोठी भिस्त आहे. त्या खर्चीक आणि वेळखाऊ आहेत. त्याहून अवघड प्रश्न उसाचा आहे. वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंना सर्वाधिक पाणी पिणारे हेच पीक राजकीयदृष्ट्याही सर्वांत बलवान आहे. त्याला हात न लावता केवळ आकड्यांची वाटणी होत राहिली, तर प्रत्येक दुष्काळात हाच तंटा नव्याने उभा राहील. नदीने जोडलेला प्रदेश पाण्याने दुभंगू द्यायचा की नाही, हे पावसाने नव्हे, धोरणानेच ठरवायचे आहे.