पिरनवाडीतील छोट्या व्यावसायिकांची नोंदणी आणि कोरोनाकाळातील मदतीचा हिशेब यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
प्रत : मा. मुख्याधिकारी, नगरपंचायत, पिरनवाडी

विषय : कोरोनाकाळात छोट्या व्यावसायिकांना मिळालेली मदत जाहीर करणे आणि गावातील प्रत्येक व्यावसायिकाची नोंद करून घेणे.

महोदय,

आम्ही पिरनवाडीत छोटा धंदा करून घर चालवणारी माणसे आहोत : न्हावी, परीट, शिंपी, गॅरेजवाले, चहाच्या टपऱ्या चालवणारे, भाजी घेऊन बसणाऱ्या महिला. खानापूर रस्त्यावरची वर्दळ आणि उद्यमबाग, मच्छे येथील कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार यांच्यावर आमचा गल्ला अवलंबून असतो. मार्च २०२० मध्ये कारखाने थांबले आणि आमचे गिऱ्हाईकही थांबले. २०२१ च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच घडले. त्या वर्षी बेळगाव जिल्ह्यातले कडक निर्बंध २१ जूनपर्यंत लांबले होते.

कर्नाटक राज्य सरकारने मदत दिली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. ६ मे २०२० रोजी १,६१० कोटींची योजना जाहीर झाली. तीत न्हावी, परीट, रिक्षा आणि टॅक्सीचालक यांना एकवेळचे ५,००० रुपये होते. शिंपी आणि गॅरेजमधले मेकॅनिक त्या यादीत नव्हते. १९ मे २०२१ च्या १,२५० कोटींच्या योजनेत ते आले, पण रक्कम २,००० रुपयांवर उतरली. फेरीवाल्यांनाही २,००० रुपये मिळणार होते, मात्र आत्मनिर्भर निधी योजनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांनाच. ती नोंद शहरी स्थानिक संस्थांमार्फत होत असे. ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, त्याला लॉकडाऊनचा फटका शेजाऱ्याइतकाच बसूनही अर्ज करायला जागा नव्हती. टपरीची जागा तोंडी बोलीवर भाड्याने घेतलेली, व्यवसायाचा दाखला कधी काढलेला नाही, रेशनकार्ड सासरच्या गावचे, अशी माणसे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांचा धंदा मात्र सगळ्या गावाने रोज पाहिलेला आहे.

त्यात अर्ज राज्य सरकारच्या सेवासिंधू या संकेतस्थळावर, कन्नड किंवा इंग्रजीत. मराठीच वाचता येणाऱ्या माणसाला आपल्या अर्जात काय लिहिले गेले हेही दुसऱ्याला विचारावे लागते.

म्हणून आमची पहिली मागणी हिशेबाची आहे. २०२० आणि २०२१ मध्ये पिरनवाडीतून किती अर्ज गेले, किती मंजूर झाले, किती फेटाळले आणि कोणत्या कारणाने, हे व्यवसायवार जाहीर करावे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान योजनांचा खर्च आणि लाभार्थींचा तपशील कोणी न मागता प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, आणि तो स्थानिक भाषेत पोहोचवावा असेही तेच कलम सांगते. कोणावर ठपका ठेवण्यासाठी आम्ही हे मागत नाही. माणसे नेमकी कुठे गळाली हे कळल्याशिवाय पुढची यादी नीट होणार नाही.

दुसरी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. पिरनवाडी आता नगरपंचायत आहे. पथविक्रेता कायदा, २०१४ प्रमाणे शहरी हद्दीतील विक्रेत्यांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा व्हायला हवे आणि नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांतही एक तृतीयांश महिला. हे सर्वेक्षण आपण तारीख ठरवून करावे. पंचक्रोशीतून सकाळी भाजी घेऊन येणाऱ्या आणि दुपारी परतणाऱ्या महिलांची नोंद त्या बसतात त्याच जागी आणि त्याच वेळी घ्यावी. कर्मचारी दुपारनंतर आले तर त्या सापडणारच नाहीत. ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांच्यासाठी जागेवर पंचनामा आणि दोन शेजारी दुकानदारांची साक्ष ग्राह्य धरावी. याच यादीत दुकान भाड्याने घेतलेले न्हावी, शिंपी, परीट यांचा वेगळा भाग असावा, कारण पथविक्रेता कायदा त्यांना लागू होत नाही आणि दाखला नसला तर ते मदतीच्या योजनेतूनही सुटतात. कच्ची यादी नगरपंचायतीच्या फलकावर मराठी व कन्नडमध्ये लावून हरकतींसाठी पुरेसे दिवस द्यावेत.

या यादीचा उपयोग आजही आहे. पंतप्रधान स्वनिधी, म्हणजे वर उल्लेखलेल्या आत्मनिर्भर निधी योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली असून पहिले कर्ज १०,००० वरून १५,००० रुपये झाले आहे. नोंद नसलेला विक्रेता त्यालाही मुकतो. तरीही कर्जाला मदत समजू नये, अशी आमची स्पष्ट विनंती आहे. पुन्हा कधी धंदे सक्तीने बंद ठेवावे लागले, तर यादीतील प्रत्येकाला नव्याने अर्ज न मागता थेट खात्यात रक्कम द्यावी आणि नाकारल्यास लेखी कारण द्यावे.

भाषेबाबत एवढेच, की राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येकाला संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. त्या हक्काने हे निवेदन मराठीत दिले आहे. मदतीचे अर्ज आणि सूचनाही कन्नडबरोबर मराठीत मिळाव्यात.

सर्वेक्षणाची तारीख आम्हाला लेखी कळवावी. घरोघर आणि टपरीटपरीवर फिरण्यासाठी आमच्यातली माणसे कर्मचाऱ्यांसोबत यायला तयार आहेत.

आपले नम्र,
पिरनवाडीतील छोटे व्यावसायिक, कारागीर आणि फेरीवाले
(सह्या सोबत जोडल्या आहेत)